आमच्या उन्हातलं पुस्तक

दादाच्या आजाराला बायपोलर म्हणतात हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून मी पुस्तक शोधत होतो. आमच्या गावात, सोनाळ्यात, सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं महाराजांकडे न्या, कुणी म्हणालं लग्न लावून द्या. पण रात्री उठून सगळ्या वावरासाठी उधारीवर ठिबकच्या नळ्या आणायचे बेत करणारा दादा आणि कापसाची बोंडं फुटली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा दादा, ही एकाच आजाराची दोन रूपं आहेत, हे मायला कसं सांगायचं?

ते सांगणं जमलं अच्युत गोडबोले आणि नीलांबरी जोशी यांच्या ‘मनकल्लोळ’मुळे. जीव जडला तो मात्र जेरी पिंटोंच्या ‘एम अँड द बिग हूम’वर. २०१२ची ही इंग्रजी कादंबरी शांता गोखल्यांनी मराठीत आणली. माहीमच्या लहानशा घरातली आजारी आई आणि तिच्यावर माया करता करता थकून जाणारी माणसं. दादाचा राग येतो याची जी बोच मला होती, ती हे वाचताना पहिल्यांदा कमी झाली.

पण आमच्या उन्हातलं पुस्तक, म्हणजे या आजाराचं औषध आमच्या उन्हाळ्यात कसं सांभाळायचं हे सांगणारं, अजून हाती लागलेलं नाही. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा गुण दाखवला. आजही या आजारावर ते मोठं औषध आहे. त्याची गुणकारी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. वैशाखात घामावाटे पाणी-मीठ गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण चढतं. हात फार थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टर गाठायचा. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेननंही हे प्रमाण वाढू शकतं. शिवाय जागरणानं उन्मादाची लाट उसळू शकते, आणि आमच्या पंपाला थ्री फेज वीज अनेकदा रात्रीच मिळते. म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला आता मीच जातो.

हे सगळं मायला वाचून दाखवता येईल अशा मराठीत, विदर्भातल्याच कुणा मनोविकारतज्ज्ञानं लिहावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पहिल्या पानावर ठळक छापावा, आणि उन्हाळ्यावरचं प्रकरण शेवटी न ढकलता सुरुवातीलाच घ्यावं.