बेल कोणाची?

आमच्या लहानपणीच्या वाड्यात दिंडीला बेल एकच आणि बिऱ्हाडं सात. बेल वाजली की सातही बिऱ्हाडं 'आपली नसेल' म्हणून स्वस्थ बसत. हेच तत्त्व पुढे संगणकाच्या पोटात भेटेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

झालं असं, की वडिलांच्या आवाजातल्या चार कॅसेटी बुरशी लागण्याआधी संगणकात उतरवायच्या होत्या. हाताशी साउंड कार्ड होतं ते जुनं, पीसीआय जातीचं. त्याचं फक्त जुन्या विंडोजशी जमे. संगणकावर लिनक्स.

"त्यात काय, मामा," भाचा म्हणाला. "लिनक्सच्या पोटात विंडोज ठेवू आणि कार्ड थेट तिच्या हवाली करू."

म्हणजे पोटभाडेकरूच की! २०१२ सालापासून लिनक्समध्ये व्हीएफआयओ नावाची सोय आहे ती त्यासाठीच.

पण कार्ड हवाली केलं तरी बेल वाजते घरमालकाच्याच दाराशी. कार्डाला काही सांगायचं असलं की ते इंटरप्टची तार ओढतं आणि दाद मिळेपर्यंत सोडत नाही. मालकानं आधी ती गप्प करायची, मग पोटभाडेकरूला "तुमच्याकडे आलंय कुणी" असा निरोप धाडायचा, आणि त्यानं "पाहिलं" म्हटल्यावर तार पुन्हा मोकळी करायची. गप्प नाही केली तर मालक निरोप द्यायला उठणार कधी? बेलच ऐकत बसेल. (१ लाख वेळा वाजून ९९,९०० हून अधिक वेळा कुणी ओ दिली नाही, तर 'कुणालाच पर्वा नाही' असा इंग्रजीत शेरा मारून लिनक्स ती बेलच बंद करतं. आमचा वाडामालक इतका स्पष्टवक्ता नव्हता.)

आमच्या कार्डाची तार नेमकी यूएसबीशी सामाईक निघाली. नवी कार्डं पोस्टमनसारखी ज्याच्या त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकतात. त्याला एमएसआय म्हणतात. आमच्या कार्डाला ते ठाऊक नव्हतं, आणि स्वतःची बेल बंद ठेवायचं बटणही त्याला नव्हतं. लिनक्सनं 'बिझी' म्हणून हात वर केले. दोन रविवार गेले.

"अहो, तिसऱ्यांदा बेल वाजतेय, दूधवाला असेल!" ही स्वयंपाकघरातून. मला ऐकूच आलं नाही.

शेवटी भाच्यानं कार्ड उपसून शेजारच्या खाचेत खोचलं. तिथली तार स्वतंत्र! कॅसेट लावली. खरखर, खोकला, आणि मग बावीस वर्षांनी वडिलांचा आवाज: "अरे, बेल वाजतेय. कुणीतरी बघा रे!"

मी उठलो आणि दार उघडून आलो. कोणी नव्हतं.