बटाव्हियाचे कडे

शिकागोहून पश्चिमेला मोटारीने तासाभरावर बटाव्हिया गाव आहे. तेथील फर्मिलॅब ही प्रयोगशाळा पाहायला लेकीने आम्हां उभयतांना नेले. फाटकावर पासपोर्ट दाखवून आत शिरलो, तर समोर गवताळ माळ आणि कुंपणाआड आपल्या गव्यासारखे दांडगे बायसन! पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांनी १९६९ साली हा कळप आणला.

या जागेला दुसराही इतिहास आहे. १९६७ साली प्रयोगशाळा इथे येणार म्हटल्यावर काळ्या लोकांच्या संघटनांनी विरोध केला. इलिनॉय राज्यात तेव्हा कातडीचा रंग पाहून घर नाकारणाऱ्याला राज्याच्या कायद्याची आडकाठी नव्हती. जात विचारून खोली नाकारली जाणे ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना अधिक सांगणे नको. पुढच्याच वर्षी विल्सन आणि त्यांचे सहकारी एडविन गोल्डवासर यांनी लेखी धोरण काढले : कामाची सोय आणि माणसाचे हक्क यांत तंटा पडला, तर आम्ही हक्कांच्या बाजूने.

पण आम्हांला ओढ होती ती एका कड्याची. ते ज्या इमारतीत आहे, ती लेकीने लांबून दाखवली. १५ मीटर व्यासाचे हे चुंबकाचे कडे न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनहून २०१३ साली अखंडच आणावे लागले. समुद्रातून फ्लोरिडाला वळसा, मग नद्यांतून तराफ्यावर, शेवटी ट्रकवर. सुमारे ५,००० किलोमीटर!

या कड्यात म्यूऑन फिरवत. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ, वजनाने २०७ पट. चुंबकात तो भोवऱ्यासारखा डुलतो. रिकाम्या जागेतही कण क्षणभर उपजतात, मावळतात आणि त्या डुलण्यात किंचित फरक पाडतात. म्हणून डुलणे अचूक मोजले, की माहीत नसलेल्या कणाचाही सुगावा लागू शकतो. ब्रुकहेवनचे माप २००१ साली सिद्धान्ताच्या आकड्याशी जुळेना. एप्रिल २०२१ मध्ये फर्मिलॅबनेही तेच माप दिले. नवा कण सापडणार, अशी जगभर हवा झाली.

गंमत अशी, की त्याच दिवशी काही सिद्धान्तकारांचे वेगळे गणित छापून आले. हिशेबातला अवघड भाग क्वार्कांचा. तो आजवर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरींच्या मापांवरून काढत. यांनी अवकाश आणि काळ यांची बारीक चौकटजाळी कल्पून तो महासंगणकावर थेट काढला, आणि तफावत बरीचशी विरली! इतर गटांनी तपासले, तेव्हा आकडे त्याच दिशेला गेले. मे २०२५ मध्ये सिद्धान्तकारांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने आपलाच २०२० चा आकडा बाजूला ठेवून जाळीचा आकडा घेतला. जूनमध्ये फर्मिलॅबचे अखेरचे माप आले. अनिश्चितता शंभर कोटींत १२७. दोन्ही जुळले.

"मग एवढी वर्षं फुकट गेली का हो?" सौ.ने विचारले. आम्हांलाही क्षणभर चुटपुट लागली. लेक संगणकाच्या कामातली, ती म्हणाली, "आई, चूक हिशेबात होती हे कळायला माप तर चोख हवं ना!"

तरी भांडण पुरते मिटलेले नाही. रशियातील नोव्होसिबिर्स्कच्या टकरींची २०२३ सालची मापे नव्या गणिताच्या जवळ जातात, पण आधीच्या तशाच प्रयोगांशी जुळत नाहीत. दोघांत फरक का पडला, हे अजून कुणाला सांगता आलेले नाही.