सहा एकांचा गुणाकार

संध्याकाळी ठाण्याहून कल्याणकडे निघालेल्या गाडीत उभ्याउभ्या लूडो खेळणाऱ्या कुणालाही विचारा, फोनमधला फासा लबाड आहे हे तो शपथेवर सांगेल. आपल्याला हवा तेव्हा सहा पडत नाही, समोरच्याला लागोपाठ पडतो. दिवा जातं, कोपर जातं, सोंगटी घरातच. हिशेब मात्र साधा आहे. वीसदा फासा टाकून एकदाही सहा न पडणं साधारण अडतीस जणांत एकाच्या वाट्याला येतं, आणि अडतीस माणसं तर आपल्याकडे दरवाजाजवळच मावतात. म्हणजे प्रत्येक डब्यात एखादा गांजलेला असायचाच, आणि बोलतो तोच. ज्याची सोंगटी पहिल्याच दानाला सुटली, तो फाशाबद्दल अवाक्षर काढत नाही.

माझ्या भाच्याला हे पटेना. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात हिशेबापेक्षा प्रयोग खरा वाटतो. त्याने लॅपटॉप उघडला आणि पायथनमध्ये चार-सहा ओळी खरडल्या. दोन फासे टाक, बेरीज कर, त्या बेरजेच्या खात्यात एक जमा कर. हे दहा लाख वेळा. चहा गाळून होईस्तोवर पडद्यावर फुल्यांचा डोंगर उभा. दोन आणि बारा पायथ्याशी, सात शिखरावर.

“बघ मामा, एकदम सिमेट्रिक!”

सिमेट्रिक होताच, पण माझं लक्ष चढणीकडे होतं. फुल्यांच्या रांगांचं प्रमाण १, २, ३, ४, ५, ६ असं वाढत जाऊन ५, ४, ३, २, १ असं उतरत होतं. हे आकडे या क्रमाने मला आधी भेटले होते, आणि तेही डोंबिवलीच्याच नावावर.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्याच्या शाळेत शिकले, पुढे फर्ग्युसनला गेले आणि मग आयुष्यभर देवळालीत मास्तरकी केली. लोकांना त्यांची ६१७४ ही संख्या ठाऊक असते. चार अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा, पुन्हा तेच करा. सगळे अंक सारखे नसले तर शेवटी ६१७४ वरच येऊन थांबता. जादू म्हणून ठीक आहे. पण मला विचाराल तर तिचं फार कौतुक झालं आणि त्यात बिचाऱ्या डेम्लो संख्या झाकल्या गेल्या. डेम्लो म्हणजे आपलंच डोंबिवली स्टेशन, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर. या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला, म्हणून स्टेशनचं नाव संख्यांना दिलं. १९३८ साली त्यांनी त्या छापूनही आणल्या. स्वतःला वाट्टेल त्या विषयात मन घालणाऱ्या शाळामास्तराला विद्यापीठातली मंडळी थोडी हसत. १९७५ साली गणिताच्या खेळांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे इकडच्यांच्या भुवया उंचावल्या. अशी रीत आपल्याकडे जुनीच. डोंबिवलीला लोक गाडीची वाट पाहताना गाडीला शिव्या घालतात. कापरेकरांच्या डोक्यात मात्र १, १२१, १२३२१ सुरू झालं. डोंबिवलीत साहित्यिकांचा सुकाळ आहे, फडके रोडला दिवाळीत पाय ठेवायला जागा नसते, पण या संख्यांची पाटी स्टेशनात कुठे माझ्या नजरेत आली नाही.

या संख्या येतात कशा, तर नुसत्या एकांच्या गुणाकारातून. अकरा गुणिले अकरा, १२१. एकशे अकरा गुणिले एकशे अकरा, १२३२१. मी गणपतीच्या वर्गणीच्या पावतीमागे सहा एकांना सहा एकांनी गुणायला बसलो. हातचा नाही, पाढा नाही. एकाखाली एक सहा ओळी, प्रत्येकीत सहा एक, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज १२३४५६५४३२१.

आता त्या ओळींकडे नीट पाहा. कितवी ओळ, ते पहिल्या फाशाचं दान. त्या ओळीत उजवीकडून कितवा एक, ते दुसऱ्याचं. तो एक ज्या स्तंभात पडला, त्यावरून दोघांची बेरीज. सगळे मिळून छत्तीस एक, म्हणजे दोन फाशांच्या छत्तीसच्या छत्तीस तऱ्हा. उजव्या टोकाच्या स्तंभात एकटा एक उभा आहे, तो एक-एकचा. मधल्या स्तंभात सहा जण एकावर एक, ते सातचे. दहा लाख वेळा फासे टाकून जे जवळपास मिळालं, ते पावतीच्या मागे तंतोतंत होतं.

भाचा पावती उलटसुलट करत म्हणाला, “तीन फासे?”

इथे तिढा होता. सहा एकांचा घन केला की हातचे घुसतात आणि १३७१७३७९९७२६०६३१ असला गचाळ आकडा येतो. पण प्रत्येक दोन एकांच्या मधे शून्य ठेवलं, तर हातच्याला बसायला जागा होते. पायथनला भलेमोठे आकडे पचतात. भाच्याने सगळं लूप खोडलं आणि एकच ओळ ठेवली: १०१०१०१०१०१ चा घन छाप. आलं ते असं: १०३०६१०१५२१२५२७२७२५२११५१००६०३०१. डावीकडचा पहिला एक सोडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा. ३, ६, १०, १५, २१, २५, २७, आणि मग उतरण.

त्यातल्या २५ आणि २७ वर बोट ठेवून मी त्याला गॅलिलिओ सांगितला. तीन फाशांची बेरीज नऊ सहा प्रकारे होते आणि दहासुद्धा सहाच प्रकारे; मग दहा जास्त वेळा का पडतो, असं त्या काळच्या जुगाऱ्यांचं कोडं होतं. गॅलिलिओने २१६ तऱ्हा मांडून दाखवलं: नऊच्या २५, दहाच्या २७. फरक १०८ मध्ये एकाचा. मला उत्तरापेक्षा त्या जुगाऱ्यांचंच नवल वाटतं. शेकड्यात एकही नाही इतका फरक, आणि तो नुसतं खेळून खेळून त्यांच्या बोटांना जाणवला होता! किती रात्री, किती पैसे गेले असतील. आपल्याकडे महाभारतात ऋतुपर्ण राजाने नलाला शिकवलेली अक्षविद्या ही याच जातीची असणार. तो राजाही आधी बेहड्याच्या झाडाची पानं मोजून दाखवतो, मगच फाशांचं बोलतो.

भाचा तोवर चार फाशांवर गेला होता. तिथे एक शून्य पुरत नाही, कारण चौदाची बेरीज १४६ तऱ्हांनी होते आणि तीन अंकी आकड्याला दोन घरांत बसवता येत नाही. दोन शून्यं घातली की काम होतं. पाच फाशांनाही तेवढीच चालतात, तिथे शिखर ७८० चं. सहा फाशांना मात्र तीन लागतात.