आवाजाचा धनी

मैनेचा डावा कान मागे वळला आणि तिथेच थबकला. मी तिच्या उजव्या पुठ्ठ्यावर खरारा करत होते. शेजारच्या मळ्यात मोटर चालू होती, पागेच्या पत्र्यावर कावळे नाचत होते. वेगळं असं काहीच मला ऐकू येत नव्हतं. मग तिची मान वर गेली, डोळ्यावरच्या कातडीला कोनासारखी घडी पडली आणि इतका वेळ माश्या वारणारी शेपटी मांड्यांत दाबली गेली. खरारा खाली ठेवेपर्यंत मलाही ऐकू आलं. रस्त्यापलीकडच्या लॉन्सवर लग्न होतं आणि कुणीतरी ड्रोन उडवला होता. पुढच्या क्षणी दावं तुटलं आणि मैना शेजाऱ्यांच्या कांद्याच्या वाफ्यांतून धावत सुटली. तीन वाफ्यांची भरपाई द्यावी लागली. तेव्हापासून आमच्याकडे कडीला दोर थेट बांधत नाहीत, मध्ये सुतळीचा एक फेरा असतो. घोडं भ्यालंच तर सुतळी तुटावी, मान मोडू नये.

नाशिकजवळ माझी लहानशी पागा आहे. मुलांना घोड्यावर बसायला शिकवते आणि लोकांची बुजरी घोडी महिना-दोन महिने ठेवून घेते. मैना माझी स्वतःची. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत, तापीच्या काठावर, तिला पाहिली ती तिच्या कानांमुळे. मारवाडी रक्ताचे ते आत वळलेले कान, टोकं एकमेकांना टेकतील की काय असे. यात्रेत गिऱ्हाईक दात बघतं, पाय उचलून टापा बघतं, भोवऱ्यांचे शुभाशुभ अर्थ लावतं. कान सुंदर आहेत की नाहीत एवढंच बघतात. ते कान काय करतात, हे फारसं कुणी बघत नाही.

आपल्या भाषेत या भीतीला तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. बिचकणं म्हणजे जागच्या जागी दचकणं. घोडं तुमच्याजवळच असतं. बुजणं म्हणजे एखाद्या गोष्टीपासून अंग चोरणं, तिच्या बाजूला न जाणं. उधळणं म्हणजे घोडं तुमचं राहिलेलं नसतं. शिकवण्याचं सगळं काम पहिल्या दोन शब्दांच्या आवारात होतं. तिसऱ्यात फक्त जीव सांभाळायचा असतो.

माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा बारीक आवाज ऐकू येतो, घोड्याला तेहतीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याला शांत वाटणाऱ्या दुपारीही त्याच्या कानावर पुष्कळ काही पडत असतं. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. आवाज नेमका कुठून आला, हे ओळखण्यात घोडं कच्चं आहे. माणूस डोळे मिटूनही एखाद-दुसऱ्या अंशाच्या फरकाने आवाजाची दिशा सांगतो. घोड्याला तो फरक पंचवीसेक अंशांचा लागतो. एवढे मोठे फिरते कान, आणि पत्ता मात्र मोघम! कान नुसता इशारा देतो, नेमकं ठिकाण डोळे शोधतात. म्हणून आवाज झाला की घोडं आधी मान उचलतं, तोंड वळवतं. आणि नेमक्या त्याच वेळी वरचा माणूस काय करतो? लगाम खेचतो. घाबरलेल्याची मानच धरून ठेवतो.

आकडे पुस्तकातले, पण त्यांचा अर्थ मला पुस्तकातून कळला नाही. आमच्याकडे एक म्हातारे मोतद्दार होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. शब्द मोजून खर्च करणारा माणूस. मी एकदा घोड्याला आवाजाची सवय लावायची म्हणून त्याच्या मागून पत्र्याचा डबा वाजवत होते. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, आवाजाचा धनी दाखवा त्याला. बेवारशी आवाजाला कोण नाही भीत?" मी डबा घेऊन समोर आले. घोड्याने डबा हुंगला, फुरफुरला, आणि दोन मिनिटांनी डब्याच्या काठाला लावलेला गूळ चाटू लागला.

एवढं कळूनही पुढे मी चूक केलीच. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक पांढरी घोडी वरातीसाठी तयार करायची होती. लग्नसराई तोंडावर आलेली, मालकाची घाई. मग सगळे करतात तेच मी केलं. घोडी अगाडी-पिछाडीला बांधली, चारी बाजूंनी ताशा, थाळ्या, फटाक्यांच्या लडी. पहिल्या दिवशी ती वेड्यासारखी झटली. तिसऱ्या दिवशी दगडासारखी उभी राहिली. "झाली तयार," असं मीच म्हणाले. पुढे एका वरातीत बँड वाजला, लडी फुटल्या, घोडीने कानही हलवला नाही. मंडपाच्या दाराशी एका पोराने प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून ओढली आणि ती उधळली. नवरदेवाचं मनगट मोडलं. मुहूर्त टळला नाही, प्लॅस्टर घालून लग्न लागलं, फोटोत तो हसतोही आहे. पण दोष त्या पोराचा नव्हता आणि घोडीचाही नव्हता.

ती शांत झालीच नव्हती. पळता येत नाही हे कळल्यावर आतल्या आत गोठली होती. आता मी कुणाच्याही उभ्या राहण्यावर विश्वास ठेवत नाही. जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूला नाडी लागते, तिथे तीन बोटं ठेवते. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीस. घोडं पुतळ्यासारखं उभं आणि बोटाखाली नाडी सुसाट, तर तो पुतळा म्हणजे बांधलेला फटाका आहे. खरं शांत झालेलं घोडं मान खाली सोडतं, जीभ-ओठ हलवतं, मागचा एक पाय ढिला टाकतं.

मैनेच्या ड्रोनकडे परत येते. गावातच एक फोटोग्राफर पोरगा आहे. त्याच्या मुलीला फुकट शिकवायचं, त्याने रोज संध्याकाळी अर्धा तास ड्रोन आणायचा, असं ठरलं. पहिले दोन दिवस ड्रोन बंदच, भिजवलेल्या हरभऱ्याच्या घमेल्याशेजारी मातीत ठेवलेला. मैनेने तो हुंगला, नाकाने ढकलला आणि हरभरे खाल्ले. मग मैदानाच्या पार टोकाला, ऐंशी पावलांवर, जमिनीवरच त्याची पाती फिरवली. माझा नियम एकच होता: कान फिरला पाहिजे, तोंड घमेल्यातून निघता कामा नये. कान फिरलाच नाही तर आवाज फार लांब आहे, काही शिकणं होत नाही. तोंड निघालं तर फार जवळ आहे, जे शिकणं होतं ते नको असलेलं. शेजारी आमचा म्हातारा बापू उभा असायचा. तोफ डागली तरी चघळणं न थांबवणारा घोडा. मैना दर थोड्या वेळाने ड्रोनकडे नाही, बापूकडे बघायची.

चौथ्या दिवशी पोरगा उतावीळ झाला. त्याने ड्रोन वर उचलला, मैना उसळली, तो घाबरला आणि त्याने ड्रोन तत्काळ खाली घेतला. झालं! मैनेच्या हिशेबाने तिने उसळी मारली म्हणून ती बला टळली. हा धडा घोडं एका फटक्यात शिकतं आणि सहजासहजी विसरत नाही. दुसऱ्या दिवशी पोराने ड्रोनच्या बॅगेची चेन उघडली, नुसती चेन, आणि मैना दोराच्या टोकापर्यंत मागे सरली. चेन वाजली की पुढे काय येतं, हे तिने आमच्या नकळत मांडून ठेवलं होतं.

म्हणून आम्ही चेनेपासून पुन्हा सुरुवात केली. चेन उघडली, मूठभर हरभरे. चेन लावली, मूठभर हरभरे. एका संध्याकाळी पन्नास वेळा. चार दिवसांत मैना चेनेच्या आवाजाला मान पुढे करू लागली. चेन मात्र बिघडली, नवी बसवावी लागली. त्यानंतर ड्रोन पुन्हा लांबून, जमिनीवरून, मग गुडघाभर, मग पुरुषभर उंचीवर. थांबवायचा तो तिने मान खाली घातल्यावरच, आधी नाही. शेवटी एक जुनी युक्ती केली. ड्रोन आमच्यापुढे, आमच्यापासून दूर जात राहिला आणि मी मैनेला मोरकी धरून त्याच्यामागे चालवलं. जी गोष्ट आपल्याला बघून पळते तिची भीती कितीशी राहणार! दहाव्या पावलाला तिचे दोन्ही कान पुढे होते. या सगळ्याला सव्वीस दिवस लागले.

सव्वीस दिवस म्हटल्यावर लोक हसतात. कानात कापूस घालायचा की, म्हणतात. एखाद्या रात्रीपुरता कापूस ठीक आहे, मीही घालते. पण कापसाने आवाज दबतो, धनी सापडत नाही. शिवाय डीजेचा धडधडाट कापसाला जुमानत नाही. तो जमिनीतून टापांत आणि टापांतून छातीत जात असावा, असं मला त्या घोड्यांकडे बघून वाटतं.

आणि निम्मी भीती आपणच दोरातून पाठवतो. स्वीडनमधल्या एका प्रयोगाचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना घोडे घेऊन एका वाटेने चालवलं, आणि शेवटच्या फेरीआधी सांगितलं की आता छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्या घोड्यांचेही. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना गाणं म्हणायला लावते. कुठलंही, बेसूर चालेल. गाणाऱ्याला श्वास रोखून धरता येत नाही, आणि श्वास सुटला की मूठ आपोआप सैल होते.

मारून भीती घालवता येते असं मानणारे अजूनही आहेत. झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने तेवीसशे वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. बुजलेल्या घोड्याला मारलं तर तो त्या वेदनेचा दोषही समोरच्या वस्तूलाच देतो, हे त्यात स्पष्ट आहे.

आपल्याकडे या मारझोडीचं उलट टोक बघायचं तर वारीच्या रिंगणात जावं. लाखाचा जनसमुदाय, शेकडो टाळ, मृदंग, आणि मधून माउलींचा अश्व धावतो, पाठीवर स्वार नाही. लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धाव घेतात. मी ते बघते तेव्हा माझं लक्ष त्याच्या कानांकडे असतं. रिंगणातले घोडे अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात आणि तिथून पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालतात. टाळ त्यांच्या कानावर एकदम आदळत नाही, दिवसचे दिवस सोबत चालतो. त्या आवाजाचे धनी त्यांनी जवळून बघितलेले असतात.

मैना अजून ड्रोन ऐकते. माझ्या कितीतरी आधी ऐकते. डावा कान वळतो, मान उचलते, आभाळात शोधते, सापडला की पुन्हा गवताला लागते. लगाम मी तेवढा वेळ सैल सोडते. वरातीला मात्र तिला मी देत नाही, कितीही ओळखीचे लोक आले तरी.

ज्यांच्या घरी लग्न आहे आणि दाराशी घोडी येणार आहे, त्यांच्याकडे एकच मागणं. घोड्याला चौफेर दिसतं, पण थेट पाठीमागचं दिसत नाही. आणि वरातीत लडी नेमकी तिथेच लावतात. लावूच नका. लावायचीच असेल तर पुढे, लांब, तिला दिसेल अशी लावा, आणि काडी ओढण्याआधी मोतद्दाराला हाक मारा. घोडीचं तोंड तिकडे वळवायला त्याला तेवढा वेळ पुरतो.