आरमारातून आरटीसीत

हैदराबादला समुद्र नाही, हुसेनसागर आहे. पावसाळ्यात तिथं शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात आणि टँकबंडवर कणीस खात उभी असलेली माणसं वाऱ्याबद्दल हिरिरीनं मतं देतात. आपल्या आरमाराचा पहिला भारतीय प्रमुख याच गावात शिकला, याचं मला कोण कौतुक.

राम दास कटारी. जन्म १९११, चेंगलपट्टूचा. शाळा सिकंदराबादचं महबूब कॉलेज. १९२७ साली मुंबईत ‘डफरिन’ जहाजावर भारतीय मुलांचं प्रशिक्षण सुरू झालं, त्या पहिल्याच तुकडीत ते होते. पुढे महायुद्ध, बढत्या; ते सगळं कुठल्याही चरित्रात सापडेल. लष्कराला १९४९ मध्ये करिअप्पा मिळाले, हवाई दलाला १९५४ मध्ये मुखर्जी. आरमारात मात्र इंग्रज साहेब ठाण मांडून होते. २२ एप्रिल १९५८ रोजी कटारी आले, तेही व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणूनच. आरमारप्रमुखाला पूर्ण अ‍ॅडमिरलपद मिळायला १९६८ उजाडलं. त्यांच्याच काळात ‘विक्रांत’ दाखल झाली आणि गोवा मुक्त झाला. अंजदीव बेटावर ‘त्रिशूल’ची तुकडी उतरली, तेव्हा सात नौसैनिक कामी आले. गोवामुक्तीच्या गप्पांत आपण ते बेट भलतंच भरभर ओलांडतो.

पण मला खरी गंमत वाटते ती १९६२ नंतरची. निवृत्त आरमारप्रमुख आंध्र प्रदेशच्या रस्ता परिवहन महामंडळाचे अध्यक्ष झाले! म्हणजे आपल्याकडच्या एसटीचे म्हणा. १९३२ साली निजामाच्या रेल्वेनं सत्तावीस बसगाड्यांनिशी सुरू केलेला हा कारभार. गाड्यांच्या नंबरातलं ‘झेड’ निजामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या, नावाचं, असं हैदराबादी आजही छातीठोक सांगतात. काल विमानवाहू जहाज, आज डेपो, डिझेल, कंडक्टरच्या ड्युट्या. यात कुणाला उतरंड दिसेल. मला तर वेळापत्रक सांभाळायला दर्यावर्दीच बरा वाटतो. नंतर ते ब्रह्मदेशात राजदूत होते. १९८३ मध्ये सिकंदराबादलाच वारले.

त्यांचे जावई लक्ष्मीनारायण रामदास. सासऱ्याचं नाव तेच जावयाचं आडनाव, त्यामुळे वाचणारा हमखास गोंधळतो. माटुंग्यात जन्मलेले हे रामदास १९७१ मध्ये ‘बियास’चे कप्तान होते, पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी करणाऱ्या ताफ्यातली ही युद्धनौका. वीरचक्र मिळालं. १९९० ते १९९३ आरमारप्रमुख. बायकांना आरमारात अधिकारी म्हणून घेतलं, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. मग अलिबागजवळ भायमळ्याला शेती, अण्वस्त्रांना विरोध, रायगडातल्या सेझविरुद्ध गावकऱ्यांची बाजू. सरकारी वर्तुळात अनेकांना हे रुचलं नसणार. मार्च २०२४ मध्ये त्यांनीही सिकंदराबादच्या लष्करी रुग्णालयात अखेरचा श्वास घेतला.

२००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना भारत-पाक शांततेसाठी मिळाला, तो विभागून. दुसरे मानकरी पाकिस्तानातले पत्रकार आय. ए. रहमान.