बारवेच्या पायऱ्या

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना, सातारा चार-पांच कोस राहिला म्हणजे हमरस्ता सोडून लिंब गांवाकडे वळावें. मळ्यांतून एक लहानशी वाट बारा मोटांच्या विहिरीकडे जाते. साताऱ्यास शाहू महाराजांचें राज्य असतां, इ. स. १७१९ ते १७२४ या अवधींत, वीरूबाई भोसले यांनीं आंब्याच्या बागेसाठीं ही विहीर बांधविली. खोली सुमारें ११० फूट, रुंदी ५० फूट. मुख्य विहीर अष्टकोनी, आणि तिला जोडलेला भाग धरून वरून पाहिलें तर शिवलिंगाचा भास होतो. पायऱ्या उतरून कमानीखालून गेलें कीं आंत एक लहानसा महाल लागतो. वैशाखांतल्या दुपारींही तेथील दगड हातास थंड लागतात. बाराही मोटा एकदम चालत असतील तेव्हां बैलांची धाव, नाडे-सोलांची करकर आणि थारोळ्यांत कोसळणारें पाणी यांनीं ही जागा किती गजबजून जात असेल, याची कल्पना करीत मीं कांहीं वेळ काढला.

बरोबर पुतण्या, सूनबाई आणि त्यांचीं दोन मुलें होतीं. धाकटी नात शेवटच्या पायरीवर बसून म्हणाली, "आजोबा, पूर्वींचे लोक असेच खालीं उतरून ओंजळीनें पाणी पीत असतील, नाहीं का?" मीं म्हटलें, "माझ्या आजोळच्या बारवेंत पीत. आणि पुढल्या वर्षीं त्यांतल्या कित्येकांच्या पायांतून नारू निघे." त्यावर तिनें विचारलें, "नारू म्हणजे कोण?"

तिला तें एखाद्या माणसाचें नांव वाटलें. पण तिचा बाप चांगला शिकलेला इंजिनियर. त्यालाही धड सांगतां येईना. ज्या शब्दानें माझ्या लहानपणीं सारा गांव दचकत असे, तो एका पिढींत पुसला गेला, हें पाहून मला आनंद झाला खरा. पण त्याबरोबर थोडी रुखरुखही लागली. रोग गेला हें उत्तमच. तो कसा गेला, याची आठवणही त्याच्याबरोबर जावी हें मात्र बरें नव्हे. म्हणून हा लेख.

माझें आजोळ मराठवाड्यांत, बालाघाटच्या उतारावर. गांवची बारव चौकोनी. तीन अंगांनीं निमुळत्या होत जाणाऱ्या पायऱ्या, चौथ्या अंगाच्या भिंतींत कोनाडा आणि त्यांत शेंदूर फासलेली देवी. बारव, बाव, बावडी, पुष्करणी, कुंड, अशीं आपल्याकडे या जलाशयांचीं नांवें पुष्कळ. त्यांतल्या बाव, बावडी यांचें मूळ संस्कृत 'वापी'. वापी, कूप, तडाग बांधणें यास शास्त्रकार पूर्त म्हणतात, आणि यज्ञयागाच्या इष्टाशेजारीं त्याला मान देतात. आमच्या आजोबांच्या आजोबांनीं या बारवेच्या एका अंगाच्या पायऱ्या नव्यानें बसविल्या होत्या, आणि ही गोष्ट घरांत कुळाचाराप्रमाणें सांगितली जाई. पाणी जसजसें खालीं जाई तसतशी एकेक पायरी उघडी पडे, आणि फाल्गुनानंतर बायकांना घोटाभर पाण्यांत उभें राहून घागर भरावी लागे. या घोटाभर पाण्यांतच सारा अनर्थ होता. पण तो कोणास दिसत नव्हता.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. रोहिण्या सरत आल्या होत्या. मोठ्या मामांच्या घोट्याजवळ प्रथम खाज सुटली, मग फोड आला, आणि तो फुटल्यावर त्यांतून शेवयीसारखा पांढरा दोरा डोकावूं लागला. गांवांतल्या जाणत्यानें त्याचें टोंक एका काडीस गुंडाळलें. रोज जेमतेम बोटभर नारू बाहेर येई, तेवढा काडीस वेढून वर चिंधी बांधीत. ओढण्याची घाई केली आणि तो आंत तुटला, तर पाय सुजून पू होई व माणूस महिनोन् महिने लोळे. मामा दीड महिना ओसरीवर होते. मृग बरसला, आर्द्रा बरसल्या, आमच्या शेताची पेरणी दुसऱ्याच्या सवडीनें आणि उशिरानें झाली, आणि त्या सालीं ज्वारी विकणाऱ्या घरावर ज्वारी विकत आणण्याची वेळ आली. नारूनें माणूस सहसा मरत नसे. पण ऐन हंगामांत तो कर्त्या पुरुषाला खाटेवर बांधून ठेवी. गरीबाच्या घरीं याचा अर्थ काय होत असेल तें सांगावयास नकोच.

लेप झाले, पोटिसें झालीं, मंत्र झाले. पायाची आग कशानेंच शमेना, तेव्हां मामा काठी टेकीत बारवेवर जात आणि पाय पाण्यांत सोडून बसत. तेवढाच जिवाला थंडावा. कोणी त्यांना हटकलें नाहीं. उलट त्यांची दया येऊन बायका घागरी भरण्यासाठीं बाजूस सरत.

आतां या थंडाव्याचें रहस्य ऐका. नारूची मादी दोन-तीन फूट लांब असते. तिचें टोंक पाण्यास लागतांच ती हजारों सूक्ष्म अळ्या बाहेर सोडते. साचलेल्या पाण्यांत तिळाहूनही बारीक, टुणटुण उड्या मारणारा एक जलकीटक असतो. शास्त्रज्ञ त्यास सायक्लॉप्स म्हणतात. तो या अळ्या गिळतो. दोन आठवडे त्याच्या पोटांत अळी वाढते. असा कीटक पाण्याबरोबर आपल्या पोटांत गेला म्हणजे तो मरतो, अळी मात्र सुटते, आणि सुमारें वर्षभरानें पुढल्या उन्हाळ्यांत पायांतून वाट काढते. म्हणजे आगीनें व्याकुळ होऊन पाय पाण्यांत बुडविणें हाच त्या कृमीच्या वंशवृद्धीचा मार्ग! अलेक्सी फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञानें १८७० च्या सुमारास मध्य आशियांत या जलकीटकाचें काम प्रथम ओळखलें. आपल्या वैद्यांनींही हा रोग 'स्नायुक' या नांवानें वर्णिला आहे. पण ज्या रोगाचें बीज वर्षापूर्वीं प्यालेल्या पाण्यांत दडलेलें, त्याचें मूळ नुसत्या डोळ्यांनीं कसें सांपडावें?

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत यतीचे आचार सांगतांना, पाऊल पाहून टाकावें व पाणी वस्त्रानें गाळून प्यावें, अशी आज्ञा आहे. आम्ही शाळेंत हें वचन अहिंसेच्या सदरांत शिकवीत असूं. पाण्यांतील क्षुद्र जीव मरूं नयेत, हा त्यांतला हेतु. तो हेतु थोरच. पण दुहेरी घट्ट विणीच्या फडक्यांतून पाणी गाळलें कीं सायक्लॉप्स वरच्यावर अडकतो आणि नारूची सांखळी तुटते, हें त्या वचनाच्या पोटांतलें फळ कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें. शिवाय ही आज्ञा संन्याशाला. ज्याच्या घरीं वीस माणसें एका रांजणाचें पाणी पितात त्या गृहस्थाला नव्हे.

आणि बारवेवर पहारा नव्हता असेंही नाहीं. तो कडक होता. पण तो पायावर नव्हता, जन्मावर होता. कोणाच्या सावलीनें पाणी विटाळतें याचा हिशेब लहान पोरालाही ठाऊक असे. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो याच हिशेबापायीं. आमच्या बारवेंत तर स्नानसंध्या करणारे मामा नारूचा पाय बुडवून बसत, आणि तें पाणी शुद्ध. निरोगी पायाच्या महाराला मात्र पायरीवर मज्जाव! आज हें लिहितांनाही मान खालीं जाते.

नारूची मोठी मौज अशी कीं, त्यावर औषधच नाहीं. देवीवर लस तरी होती. नारूवर लस नाहीं, गोळी नाहीं, एकदां झाला म्हणून पुन्हां होणार नाहीं असेंही नाहीं. त्यामुळें सरकारला दवाखाने वाढवून भागण्यासारखें नव्हतें. १९८३-८४ सालीं देशभर नारूनिर्मूलनाची मोहीम सुरू झाली. १९८४ सालच्या मोजणींत सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गांवांत मिळून ३९,७९२ रोगी आढळले. महाराष्ट्र त्या सातांपैकीं एक. उपाय सारे साधे. घरोघर फिरून रोगी शोधावयाचा, त्याचा पाय पाण्याबाहेर ठेवावयाचा, पाणी गाळावयास शिकवावयाचें, पाण्यांत जलकीटक मारणारें टेमेफॉस बेतानें घालावयाचें, आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून तेथें रहाट किंवा हातपंप बसवावयाचा.

लिहावयास हें दोन ओळींत होतें. आमच्या आजोळीं त्याला एक सबंध उन्हाळा लागला. आरोग्यसेवक प्रथम आला तो नारूचें चित्र घेऊन. दुसऱ्या खेपेस त्यानें बारवेचें पाणी कांचेच्या पेल्यांत धरून भिंगांतून दाखविलें. आजीनें पुष्कळ वेळ पाहिलें आणि पेला खालीं ठेवून एवढेंच विचारलें, "हें आम्ही पितों?" फडकीं त्या दिवसापासून बांधलीं गेलीं. पण पायऱ्या बुजविण्याची गोष्ट निघतांच चावडीवर गलका झाला. पूर्वजांचें पूर्त आपल्या हातानें झांकावयाचें? देवीकडे पाठ करावयाची? दोन दिवस वाद झाला. ज्या कुळानें पायऱ्या बसविल्या त्या कुळानें काय तें सांगावें, असें अखेर ठरलें. मामांच्या घोट्यावर नारूचा व्रण अजून होता. ते आजीकडे पाहूं लागले. आजी म्हणाली, "बुजवा. पण देवीच्या दिव्याला एक वाट ठेवा." त्याप्रमाणें शेवटच्या टप्प्याच्या वर कंबरभर भिंत उठली, वर रहाट बसला, आणि कोनाड्यापर्यंत एका माणसापुरता जिना राहिला.

तीन वर्षांत गांवांतला नारू संपला. देशांतला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत जोधपूर जिल्ह्यांत आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें. १९८६ सालीं साऱ्या जगांत पसतीस लाख रोगी असावेत असा अंदाज होता. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत तो आंकडा कोणत्याही वर्षीं पंधराच्या वर गेला नाहीं. राहिले ते मुख्यत्वें आफ्रिकेंत, चाड व दक्षिण सुदान इकडे.

या विजयाची मिरवणूक कोठें निघाल्याचें मला स्मरत नाहीं. जो रोग झालाच नाहीं त्याबद्दल कोण कोणाचे आभार मानणार? ज्या डॉक्टरानें आपल्याला शस्त्रक्रियेनें वांचविलें त्याची तसबीर आपण लावूं. ज्या आरोग्यसेवकानें पेला दाखविला त्याचें नांवही आमच्या गांवांत आज कोणी सांगत नाहीं. नाशिकास जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालींच आपल्या अहवालांत, रोग होऊं न देणें आणि झालेला बरा करणें हीं दोन्ही कामें एकाच यंत्रणेनें हातांत हात घालून करावींत, असें सांगितलें होतें. २०१८ पासून खेड्यापाड्यांतलीं उपकेंद्रें आरोग्यवर्धिनी केंद्रें झालीं, २०२३ पासून त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. पाट्या चांगल्या रंगविल्या आहेत. मात्र आमच्यासारख्या सुशिक्षित घरांतही अजून रक्तांतली साखर वाढल्यावर औषधाची पेटी येते; वाढण्यापूर्वीं जेवणावरचें ताट कोणी बदलीत नाहीं. आमच्याकडे तर श्राद्धाच्या दिवशीं मधुमेही जावईबापूंना तिसरा लाडू आग्रहानें वाढला जातो, आणि त्यांनीं नको म्हटलें तर वाढणारीला राग येतो. नारूला हटविणाऱ्या त्या उन्हाळ्यांत आजीनें जेवढें ऐकलें तेवढें ऐकण्याची आमची तयारी दिसत नाहीं.

असो. लिंबेहून परतल्यावर नातीच्या आग्रहानें यंदा आजोळीं गेलों. हल्लीं ठिकठिकाणीं तरुण मंडळी जुन्या बारवा साफ करीत आहेत. आमच्याही बारवेंतला गाळ निघाला आहे, पिंपळाचीं मुळें तोडलीं आहेत, आणि महाशिवरात्रीस पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या लावतात. मामांचा नातू यांत पुढारी आहे. त्याचें म्हणणें, ती कंबरभर भिंत विद्रूप दिसते, पाडावी. माझें मत त्यानें विचारलें. मीं भिंतीचा इतिहास सांगितला, तेव्हां तो गप्प झाला. त्यालाही नारू ठाऊक नव्हता. मग आम्ही दोघांनीं मिळून ठरविलें तें असें: भिंत पाडावी, पण पाण्यालगतच्या पायरीवर लोखंडी जाळी बसवावी, आणि पिण्याचें पाणी नळाचेंच असावें. बारवेचें पाणी झाडांना.

दुपारीं स्वयंपाकघरांत मामेसूनबाई नळाचें पाणी रांजणांत भरीत होत्या. रांजणाच्या तोंडावर फडकें होतें, आणि तें दुहेरी घडी घातलेलें होतें. नळाचें पाणी असतांना हें कशासाठीं, असें नातीनें विचारलें. त्या म्हणाल्या, "कशासाठीं तें नाहीं बाई ठाऊक. सासूबाई बांधीत, त्यांच्या सासूबाईही बांधीत."

नात माझ्याकडे पाहूं लागली. मीं म्हटलें, "तूंच सांग त्यांना." आणि ती सांगूं लागली.