मनीची रिकामी बशी

२०१८ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. त्या वेळी आम्ही नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहत होतो. १६० चौरस फुटांची एक खोली. त्यात आम्ही नवराबायको, बारा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी, गिरणी बंद पडल्यापासून घरी असलेले सासरे आणि मनी. मनी म्हणजे आमची मांजर.

मनी आमच्या घरी २००७ साली आली. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणत असू. आत्या बाजारातून मांदेली घेऊन आल्या आणि त्यांच्या मागोमाग एक करडे पिल्लू जिना चढून आले, ते आले ते राहिलेच. आत्या जेवायला बसल्या की पहिला घास मनीच्या बशीत पडायचा. आत्या २०१५ साली गेल्या. त्यानंतर मनी सासऱ्यांच्या पायाशी गोधडीवर झोपू लागली. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा फारसे बोलत नाहीत, पण रात्री मनीशी हळू आवाजात काहीतरी बोलताना मी ऐकले आहे.

तर त्या जुलैत मुलगा शाळेतून येताना जिन्याखाली भिजत पडलेले एक पिवळे पिल्लू दप्तरात घालून घेऊन आला. मी ओरडले. “आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात हे आणखी एक!” पण बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि पिल्लू थरथरत होते. मुलांनी त्याचे नाव पिंट्या ठेवले. दोन दिवसांत पिंट्या साऱ्या घराचा लाडका झाला. मुलगी त्याला मांडीवर घेऊन बसायची, हे कामावरून आले की आधी पिंट्याला हाक मारायचे.

मनीने पहिल्या दिवशी पाठ उंच करून फिस्स केले आणि ती कपाटावर चढून बसली. खाली उतरली की पिंट्या तिच्या शेपटीवर झेप घ्यायचा. मग ती पुन्हा कपाटावर. आम्ही हसायचो. मी तिची बशी रोजच्याप्रमाणे मोरीजवळ ठेवायची आणि कामावर जायची. मी तेव्हा एका शाळेत सेविका होते. संध्याकाळी येऊन पाहावे तर बशी स्वच्छ, चाटूनपुसून रिकामी. म्हटले, बाईसाहेब रुसल्या असल्या तरी पोट भरतात.

आठवडा असाच गेला. एके रात्री मामा म्हणाले, “पोरी, मनी जेवत नाही.”

“जेवते की मामा. बशी रोज रिकामी असते.”

“बशी पिंट्या रिकामी करतो. मी दिवसभर इथंच बसून असतो. आठवडाभर ती अर्धंमुर्धं खात होती. काल आणि आज तर तोंडसुद्धा लावलं नाही.”

मी कपाटावर हात घालून तिला खाली घेतले. एरवी उचलताना हाताला रग लागायची, ती मनी हलकी लागली. अंगावरचे केस राठ झाले होते. बोंबलाचा तुकडा नाकाशी धरला, तिने वास घेतला आणि तोंड फिरवले.

चाळीत बातमी लपत नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “अगं, सवत आणलीस तिच्यावर. रुसणारच. भूक कडाडली की येईल आपोआप.” आणखी एकीने सांगितले की तापाची अर्धी गोळी दुधातून दे. ह्यांनाही वाटले की दोन दिवस वाट पाहावी. मलाही तेच सोयीचे वाटत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती.

तेव्हा मामा भिंतीकडे बघत म्हणाले, “तुझ्या आत्यालाही आपण असंच म्हणालो होतो.”

ते ऐकून मी एकदम गप्प झाले. २०१४ साली मुलगी झाली तेव्हा घरात सगळ्यांचे लक्ष बाळंतिणीकडे आणि बाळाकडे. आत्या त्या दिवसांत अर्धी भाकरी खाऊन उठायच्या. विचारले की म्हणायच्या, “भूक नाही गं.” मी मनात म्हणायची, नात झाली, नातू नाही झाला, म्हणून नाराज असतील. हे म्हणायचे, कोणी विचारत नाही म्हणून आई रुसली. कोणी त्यांच्यापाशी बसून विचारले नाही की घास गिळताना दुखते का, पोटात काय होते. दवाखान्यात नेले तेव्हा पोटातला आजार फार पुढे गेला होता. त्या रुसल्या नव्हत्याच. रुसवा हा शब्द आम्ही आमच्या सोयीसाठी काढला होता.

सकाळी मी रजा टाकली. प्लास्टिकच्या बास्केटमध्ये जुनी साडी अंथरून मनीला ठेवले, वरून ओढणी बांधली आणि मामांना घेऊन परळला गेले. परळचे जनावरांचे हॉस्पिटल जुन्या मुंबईकरांना ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून माहीत आहे. पशुवैद्यक महाविद्यालयही तिथेच, १८८६ पासूनचे. घोडागाडीच्या जमान्यात बैल आणि घोडे तिथे येत, म्हणून हे नाव पडले. आता कुत्री, मांजरे, कबुतरे, सगळेच येतात. केसपेपर काढून आम्ही रांगेत बसलो. रांगेत आमच्यासारखेच लोक होते. एक हातगाडीवाला आपले कुत्रे खांद्यावर टाकून आला होता.

डॉक्टर बाईंनी मनीचे डोळे, हिरड्या, कानाची आतली कातडी पाहिली. मग त्यांनी जे सांगितले ते मला आजवर कोणी सांगितले नव्हते. माणूस दोन दिवस उपाशी राहिला तर अशक्त होतो, पण सावरतो. मांजराचे तसे नाही. मांजराने खाणे सोडले की अंगातली चरबी सुटून यकृतात जाऊन साठते आणि यकृत काम करेनासे होते. अंगाने भरलेल्या मांजराला हा धोका जास्त. मग हिरड्या आणि कान पिवळे पडतात, आणि त्यानंतर जनावर वाचवणे कठीण होते. “भूक लागली की खाईल, हे मांजराला लागू नाही,” त्या म्हणाल्या. “एक अख्खा दिवस खाल्लं नाही तर दाखवायचं. तीन दिवस थांबायचं नाही.”

मी तापाच्या गोळीचे विचारले. त्या दचकल्याच. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवण्याची ताकद मांजराच्या शरीरात नसते. दिली नाही म्हणून वाचलो.

मग त्यांनी मनीचे तोंड उघडून दाखवले. खालची एक दाढ मुळाशी खराब झाली होती आणि हिरडी लाल होऊन सुजली होती. म्हणजे आम्ही सगळे पिंट्याला दोष देत होतो आणि तिच्या तोंडात ठणका होता. पण पिंट्याचाही हात होताच. दुखऱ्या तोंडाने मनी सावकाश खात असणार. पिंट्या आल्यावर तिला सावकाश खायला ना वेळ राहिला ना जागा. दोन्ही गोष्टी एकदम आल्या आणि तिने खाणे सोडले.

रक्त तपासले. यकृत अजून बरे होते. कातडीखाली सलाइन दिले, मळमळ थांबण्याचे आणि दुखणे कमी होण्याचे औषध दिले. दाढ काढायची, पण तिच्या अंगात ताकद आल्यावर, असे ठरले. सुई नसलेल्या सिरिंजने तोंडाच्या कडेने पातळ खाणे थोडे थोडे कसे द्यायचे, हे त्यांनी मला करून दाखवले. आणि घरी काय करायचे तेही सांगितले. मी म्हटले, “बाई, आमची एकच खोली.” त्या म्हणाल्या, “एका खोलीतही दोन घरं करता येतात.”

आम्ही ती केली. मुलाने भाजीवाल्याकडून दोन क्रेट आणले, तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधले आणि वर चादर टाकली. हे पिंट्याचे घर. मनीची बशी मोरीजवळून उचलून कपाटावर, ती बसायची तिथेच ठेवली. तिला तिच्या जागेवरून पिंट्याला ओलांडून यावे लागायचे, हे आमच्या आधी लक्षातच आले नव्हते. शी-शूसाठी वाळूची दोन घमेली केली, एकमेकांपासून लांब. मनी खायला लागली की पिंट्या क्रेटमध्ये, त्याचे खाणेही त्याच वेळी तिथेच.

मांजर आधी वासाने खाते, मग जिभेने. म्हणून कोंबडीचे उकडलेले मांस बारीक करून, कोमट करून द्यायचे. कांदा, लसूण, मीठ काही नाही, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहे. दूधही बंद, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. पिंट्याच्या गालावर एक फडके घासून ते मनीपासून दूर ठेवायचे, मग रोज थोडे जवळ. त्याचा वास तिच्या ओळखीचा झाला पाहिजे.

पहिले दोन दिवस मी सिरिंजने भरवले. तिसऱ्या दिवशी पहाटे मामांनी मला उठवले. ते स्टुलावर उभे होते, हाताच्या ओंजळीत कोमट मांस, आणि मनी ते चाटत होती. चार-पाच वेळा चाटले असेल. पण मामा रडत होते. आत्या गेल्या तेव्हाही मी त्यांना असे रडताना पाहिले नव्हते.

तीन आठवड्यांनी परळलाच तिची दाढ काढली. मनी हळूहळू भरली. दोघांची मैत्री झाली असे मात्र मी म्हणणार नाही. कपाट मनीचे, जमीन पिंट्याची, असा करार झाला. सहा महिन्यांचा झाल्यावर पिंट्याची नसबंदी केली, तेव्हा त्याचा धिंगाणाही कमी झाला. मनी पुढे २०२२ पर्यंत जगली आणि मामांच्या गोधडीवरच गेली.

भगिनींनो, तुमच्या घरात म्हातारे मांजर असेल आणि नवे आणायचे झाले तर आधी जुन्याची बशी, झोपायची जागा आणि वाळू वेगळी करा. पहिले काही दिवस दोघांना समोरासमोर आणू नका. रिकामी बशी पाहून समाधान मानू नका, कोणी रिकामी केली ते पाहा. आणि जुने जनावर खाईनासे झाले तर रुसले म्हणून सोडू नका. तोंड उघडून बघा, डॉक्टरांना दाखवा.

माझ्यापुरते सांगायचे तर मी आता रात्री भांडी गोळा करताना प्रत्येकाचे ताट बघते. मागच्या महिन्यात मामांच्या ताटात दोन दिवस चपातीच्या कडा उरल्या. विचारले तर म्हणाले, “भूक नाही गं पोरी.” मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटले, “मामा, तोंड उघडा बघू.”

कवळी टोचत होती.